गरम आहे, पण ताजं आहे का?

जबलपुरात सिव्हिक सेंटरच्या चौपाटीवर किंवा सदरच्या गल्ल्यांत संध्याकाळी मोमोच्या गाड्या हमखास दिसतात. ॲल्युमिनियमचं तेच तीन-चार मजली पात्र, तोच मैदा, तोच कोबी, तीच लालभडक चटणी आणि बाजूला पांढऱ्या मेयोनीजचा गोळा. वाफही शेजारशेजारच्या दोन गाड्यांवर सारखीच उठत असते. तरी एका गाडीवरच्या मोमोची पारी दाताखाली अलगद तुटते आणि शेजारच्या गाडीवरची चामट लागते, नाहीतर बुडाला चिकटून फाटते आणि सारण ताटलीत सांडतं. दोन्ही गरम, दोन्ही आत्ताच पात्रातून काढलेले. मग फरक कुठून आला?

‘हाताची चव’ हे आपलं ठरलेलं उत्तर. त्यात थोडं तथ्य आहे, पण मोठा वाटा चवीचा नसून घड्याळाचा असतो. वाफेवरच्या पदार्थाचं आयुष्य फार छोटं असतं, आणि पात्रातली वाफ ते आयुष्य लपवून ठेवते. थंड पोहे शिळे आहेत हे हाताला कळतं. वाफाळता मोमो तासाभराचा आहे हे हाताला कळत नाही. चौपाटीवरची गाडी असो की हॉटेलातलं ‘डिमसम’ असं लिहिलेलं जाडजूड मेनूकार्ड, चांगली जागा ओळखायची म्हणजे पारी मुडपल्यापासून घास तोंडात जाईपर्यंत किती वेळ गेला, हे बाहेरून ताडायचं.

मोमो, डिमसम आणि जबलपूरचा रूळ

आधी थोडी नावांची उकल. डिमसम हा एक पदार्थ नाही. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातली आणि हाँगकाँगमधली ती खाण्याची एक रीत आहे: सकाळपासून दुपारपर्यंत चहाचे पेले रिचवत बांबूच्या छोट्या टोपल्यांतून येणारे दोन-तीन घासांचे पदार्थ खात बसायचं. त्यात कोळंबीचा अर्धपारदर्शक ‘हार गाव’ येतो, वरून उघडा ‘शू माय’ येतो, तांदळाच्या पातळ पापुद्र्याची गुंडाळी येते, फुगलेला ‘बाव’ही येतो. मोमो हिमालयाचा, तिबेट-नेपाळकडचा. पारीत सारण भरून वाफवायचं, एवढंच दोघांत समान.

भारतात डिमसमच्या कुळातले पदार्थ खायची जुनी जागा म्हणजे कोलकात्याचा टिरेटा बाजार. तिथल्या चिनी वस्तीतला रविवारचा नाश्ता पहाटे मांडला जातो आणि ऊन चढायच्या आत आवरलाही जातो. मुंबईत लंडनच्या ‘यौआचा’ने २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान थाटलं आणि डिमसम हा शब्द बड्या पगारदारांच्या तोंडी रुळला. गंमत अशी, की कोलकाता आणि मुंबई रेल्वेने एकमेकांना जोडली गेली ती १८७० मध्ये, आणि दोन कंपन्यांचे रूळ भेटले ते आपल्या जबलपुरात. डिमसमने मात्र ही गाडी पकडायला बराच उशीर केला.

मोमोचा रस्ता वेगळा. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले आणि त्यांच्या वसाहती पहाडांपुरत्या राहिल्या नाहीत. आज छत्तीसगडमध्ये असलेलं, तेव्हा मध्य प्रदेशात मोडणारं मैनपाट हे त्यातलं एक ठिकाण. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. म्हणजे ज्या गोंदियाहून सातपुड्यातून चढत गाडी जबलपूरला येते, त्याच जिल्ह्यात मोमो हा परका पदार्थ नाही, कित्येक घरांतला रोजचा आहे.

पारीच्या दोन जाती

कोकणस्थाच्या घरी उकडीचे मोदक ज्याने पाहिले आहेत, त्याला डिमसमचं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक असतं. तांदळाच्या पिठीला उकळतं पाणी लागतं. थंड पाण्यात भिजवलेल्या पिठीची पारी वळता येत नाही, ती चुरते. कारण तांदळात ग्लुटेन नसतं. पीठ एकत्र धरून ठेवायचं काम तिथे स्टार्च करतं आणि स्टार्च ते काम गरम झाल्याशिवाय करत नाही. पाण्यात ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि पीठ लवचीक होतं. आपण त्यालाच ‘उकड काढणं’ म्हणतो.

हार गावची पारी याच जातीची. मात्र तिच्यात तांदूळ नसतो. गव्हातून ग्लुटेन धुऊन काढून उरलेला स्टार्च आणि जोडीला टॅपिओका, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात तो कंदाचा स्टार्च, यांत उकळतं पाणी घालून ती मळतात. फुगलेल्या कणांतून प्रकाश कमी विखुरतो, म्हणून वाफवल्यावर ती काचेसारखी दिसू लागते आणि आतली गुलाबी कोळंबी बाहेरून ओळखू येते. मोदकाच्या कळ्यांवरून जसा घरातला हात जोखला जातो, तसा हार गावच्या चुण्यांवरून तिथला कारागीर जोखतात. सात तरी हव्यात, दहाच्या वर गेल्या तर वाहवा.

मोमोची पारी दुसऱ्या जातीची. मैदा, साधं पाणी आणि भरपूर मळणं. मैद्यातली प्रथिनं पाण्यात भिजून ग्लुटेनची जाळी बनवतात, म्हणून ही पारी पातळ लाटली तरी तुटत नाही आणि रस्त्यावरच्या घिसाडघाईतही टिकते. पीठ मळून अर्धा तास झाकून ठेवलं नाही, तर जाळी ताठलेली राहते, लाटताना पारी मागे ओढली जाते आणि जाड होते. मोमोच्या वरच्या गाठीत कच्चट पिठाचा गोळा लागला तर समजावं, पीठ मुरू दिलेलं नाही किंवा कडा मध्यापेक्षा पातळ लाटलेल्या नाहीत.

इथे एक भूगोलाची बाजूही आहे. जबलपूर समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरऐवजी ९८-९९ अंशांना उकळतं. स्वयंपाकाला त्याने काही बिघडत नाही. ल्हासा मात्र ३,६५० मीटरवर आहे आणि तिथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळायला लागतं. एवढ्या कमी तापमानात डाळ शिजता शिजत नाही. मैद्याच्या पारीला मात्र एवढी उष्णता पुरून उरते आणि बारीक चिरलेलं सारणही शिजतं. मोमो त्या उंचीवर रुजला यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

वाफ शिजवते आणि बिघडवतेही

वाफेने हात भाजला की उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो, हे प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेलं असतं. एक ग्रॅम वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते तेव्हा सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. उलट, एक ग्रॅम उकळतं पाणी १०० अंशांवरून ४० अंशांवर आलं तर सुटतात फक्त ६०. म्हणून वाफ झपाट्याने शिजवते: हार गाव पाच-सहा मिनिटांत, मोमो दहा-बारा मिनिटांत.

पण उष्णता देताना ती पाणी मागे ठेवून जाते. मोमो गार असताना त्याच्यावर वाफ भराभर साचते. तो तापला की साचणं मंदावतं. झाकण मात्र बाहेरच्या हवेमुळे गारच राहतं. धातूच्या झाकणाखाली थेंब जमतात आणि खालच्या पदार्थावर टपटपतात. बांबूची टोपली इथे कामाला येते. तिचं विणलेलं झाकण थोडी वाफ बाहेर सोडतं आणि थोडं पाणी शोषून घेतं. ॲल्युमिनियमच्या पात्राला ही सोय नाही, म्हणून जाणता गाडीवाला झाकणाखाली फडकं बांधतो. हे फडकं दिसलं तर त्या माणसाला आपल्या कामाची जाण आहे असं समजायला हरकत नाही.

आता शिजलेला मोमो पात्रातच पडून राहिला तर काय होतं? खालच्या मजल्यावर जोरदार वाफ लागत राहते. स्टार्चचे कण फुगून फुटतात, पारीचा वरचा थर बुळबुळीत होतो आणि ताटलीला चिकटतो. कोबीतलं पाणी सुटून बुडात साचतं. गॅस वाचवायला आच कमी केली, की वरच्या मजल्यावर उलटं घडतं: वाफ पोचत नाही आणि पारी वाळून चामट होते. सुरुवातीच्या कोड्यातले दोन्ही दोष, फाटणं आणि चामटपणा, या एकाच पात्रात तयार होतात.

पात्र बंद करून मोमो गार होऊ दिले तर तिसरी गोष्ट. थंड होताना स्टार्चचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट लागतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. रात्रीचा भात सकाळी टणक होतो तो याचमुळे, आणि फ्रिजमधला भात बाहेरच्यापेक्षा लवकर होतो, कारण चार-पाच अंशांच्या आसपास ही क्रिया सर्वांत वेगाने चालते. पुन्हा वाफ दिली की रेणू सुटतात आणि पारी मऊ होते. पण गेलेलं पाणी पूर्ण परत येत नाही. पहिली पाच मिनिटं हा पुनर्जन्म बेमालूम वाटतो. सहाव्या मिनिटाला, ताटली थोडी निवली की, पारी पुन्हा आवळते. शंका असेल तर शेवटचा मोमो मुद्दाम सावकाश खावा.

ताजेपणाचा भागाकार

पात्रातल्या मोमोचं वय विचारून कळत नाही. ‘अभी अभी निकाला है भैया’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. पण ते वय मोजता येतं, आणि त्याला एक भागाकार पुरतो. रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: एखाद्या जागी सरासरी किती वस्तू थांबून आहेत, त्याला वस्तू बाहेर पडण्याच्या वेगाने भागलं, की प्रत्येक वस्तू तिथे सरासरी किती वेळ थांबते ते मिळतं. बँकेची रांग असो की मोमोचं पात्र, नियम तोच.

समजा, एका गाडीवर बारा प्लेटींचा माल वाफेवर आहे आणि चार मिनिटांना एक प्लेट जाते. बारा गुणिले चार: मोमो सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटं वाफेत. शेजारच्या गाडीवर सहाच प्लेटी आहेत आणि दोन मिनिटांना एक जाते. तिथे बारा मिनिटं, म्हणजे जेमतेम शिजण्याचा वेळ. पहिली गाडी भरलेली, श्रीमंत दिसते. दुसरीवर ‘दो मिनट रुकना पडेगा’ ऐकावं लागतं. थांबावं ते दुसरीवरच.

हा भागाकार सरासरी सांगतो, तुमच्या ताटलीची हमी देत नाही. पुष्कळ जण नवा माल वर रचतात आणि वरूनच उचलतात. तळातले नग संध्याकाळभर तिथेच. त्यामुळे मालक कोणत्या मजल्यातून काढतो तेही पाहावं. आणि रांगेला भुलू नये. गिऱ्हाईक जास्त म्हणून रांग लागते, तशी काम संथ म्हणूनही लागते. महत्त्व रांगेच्या लांबीला नाही, ती सरकते किती याला आहे.

लांबलचक मेनू आणि दहा लाखांचं शहर

डिमसम मोठ्या शहरांतच का फुलतं, याचं उत्तर याच भागाकारात आहे. हाँगकाँगच्या चहाघरात पन्नास प्रकार असतात, पण रविवारी सकाळी शेकडो माणसं एकाच वेळी बसलेली असतात, त्यामुळे प्रत्येक प्रकार हलता राहतो. पदार्थ ढकलगाडीवर फिरवायची जुनी पद्धतही भरल्या दालनातच शोभते. रिकाम्या दालनात तीच गाडी शिळ्याची मिरवणूक ठरते. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता कागदावर खुणा करून मागणी द्यायची आणि मग वाफवायचं, असं चालतं.

जबलपूर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाखांच्या आसपास होती. त्यात डिमसम मागणारे किती असतील? एखाद्या हॉटेलने चाळीस प्रकार छापले आणि दिवसाला साठ टोपल्या खपल्या, तर एका प्रकाराच्या वाट्याला दीड टोपली येते. दीड टोपलीसाठी कुणी रोज सकाळी सारण बनवत नाही. ते फ्रीझरमधून येतं.

फ्रीझर हा गुन्हा नव्हे, हे सांगितलं पाहिजे. कच्चा मोमो उणे अठराला झटपट गोठवला आणि न वितळवता थेट वाफेवर ठेवला तर उत्तम होतो. बिघडतं ते सावकाश गोठवल्याने: बर्फाचे स्फटिक मोठे होतात, भाजीच्या पेशी फोडतात आणि वाफवल्यावर सारण पाणचट होतं. शिजवून फ्रिजमध्ये ठेवलेला माल तर सर्वांत वाईट.

तेव्हा जबलपुरात, किंवा नागपुरात म्हणा, डिमसमसाठी आखूड मेनू शोधावा. चार प्रकार आणि चारही विकले जाणारे. या शहराला हे नवं नाही. कमानिया गेटजवळ बडकुलांच्या दुकानात लोक खव्याची जिलबी खायला जातात. १८८९ पासूनची म्हणून तिची ख्याती आहे. काळपट, जाड, कढईतून पाकात आणि पाकातून द्रोणात. ज्या जिलबीसाठी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येतात, तिला परातीत वाट बघत पडून राहावं लागत नाही. खव्याचं आणि पाकाचं कसब आहेच, पण निम्मं श्रेय खपाला द्यायला हवं.

चौकट : दारात उभं राहून

वाफेवरचा माल मोजा, मिनिटाला किती जातो ते पाहा आणि भागाकार करा. पारी तिथेच लाटली जाते का, की गोठलेली पिशवी फाडली जाते? झाकणाखाली फडकं आहे का? ऑर्डर दिल्यावर आठ-दहा मिनिटं थांबायला सांगितलं तर खूश व्हा. भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक हवा. हॉटेलात रविवारी दुपारी जा, मंगळवारी रात्री नको.

ताटली आल्यावर

पहिल्यांदा गेलात तर एकच सोपी आणि एकच अवघड चीज मागवा. सोपी म्हणजे भाजीचा डम्पलिंग, अवघड म्हणजे हार गाव. हार गाव चॉपस्टिकने किंवा काट्याने उचलताना फाटला नाही, पारीतून आतलं दिसलं आणि कोळंबी चावताना कुरकुरीत तुटली, तर बाकीचा मेनू निश्चिंतपणे मागवावा. पारी पांढरी आणि पिठूळ असेल तर ती कमी वाफवली आहे. चिकट, लोंबती असेल तर जास्त.

शाकाहारी सारणाची खरी कसोटी पाण्याची. कोबीला मीठ लावलं की पेशींतलं पाणी बाहेर येतं. ते पिळून काढायचं आणि मग थोडं तेल चोळायचं, हे मेहनतीचं काम टाळलं की पारी आतून भिजते. पाण्यात मुरलेल्या कोबीचा तो उग्र वास नाकात आला, की तिखट चटणी का इतकी जहाल ठेवली आहे तेही समजतं.

मेनूवर ‘वॉटर चेस्टनट’ दिसला तर जबलपूरकर लगेच म्हणतो, हा तर आपला शिंगाडा. जिल्ह्यातल्या तलावांत शिंगाडा भरपूर पिकतो, त्यामुळे हे वाटणं साहजिक आहे. पण चिनी सारणातला वॉटर चेस्टनट ही वेगळी वनस्पती, पाणगवतासारखी. तिच्या गड्ड्याच्या पेशींच्या भिंती शिजल्यावरही घट्ट राहतात, म्हणून तो वाफवूनही करकरीत लागतो. आपला शिंगाडा उकडला की पिठूळ होतो. कुणा स्थानिक स्वयंपाक्याने शिंगाडा घालून डिमसम केलं तर मी ते आवडीने खाईन, करकरीतपणाची अपेक्षा मात्र ठेवणार नाही.

मेयोनीजबद्दल दोन वाक्यं. कच्च्या अंड्याचं मेयोनीज उघड्यावर, उन्हाळी हवेत तासन्‌तास राहिलं तर त्यात साल्मोनेला वाढू शकतो. तेलंगणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती. अंड्याविना केलेलंही थंड ठेवावं लागतं, आणि मोमोला त्याची गरज असते असं मला कधी वाटलेलं नाही.

तारांकित मतं

मोबाइलवरच्या तारकांचं काय? बारा जणांनी दिलेले ४.८ तारे आणि दोन हजार जणांनी दिलेले ४.३, यांत दुसरा आकडा जास्त विश्वासाचा. बारांत पाच मालकाचे भाचे निघू शकतात. दोन हजारांत भाच्यांचं मत विरघळून जातं. शिवाय तारे जागेला मिळतात, पदार्थाला नाही: गार हवा, नम्र वेटर आणि वाढदिवसाची मेणबत्ती सगळं त्यात मिसळलेलं असतं. त्यापेक्षा लोकांनी टाकलेले फोटो पाहावेत. वेगवेगळ्या दिवशींच्या फोटोंत चुण्या थोड्या वेगळ्या असतील तर हाताने मुडपल्या आहेत. सगळ्या अगदी साच्यातल्या असतील तर बहुधा कारखान्यातून आल्या आहेत.

पार्सल

सगळी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या दुकानातूनही पार्सल मागवलं की भागाकारात रस्ता जोडला जातो. बंद प्लॅस्टिकच्या डब्यात मोमो स्वतःच्याच वाफेत भिजतात, आणि सदरहून रांझीला पोचेपर्यंत गारही होतात. झाकण किंचित उघडं ठेवायला सांगावं आणि चटणी वेगळी घ्यावी. घरी मायक्रोवेव्ह वापरू नये. तो पारीतलंच पाणी उडवतो आणि कडा दगड होतात. मोदकपात्रात कोबीचं पान अंथरून तीन-चार मिनिटं वाफ द्यावी, आणि तोवर घरातल्यांना ताटावर बसवून ठेवावं.